शेवटच्या आठवड्यातली अंडी

अंड्याच्या वरच्या बाजूला, वरची बाजू ओळखायला केलेल्या पेन्सिलच्या फुलीच्या जरा डावीकडे, एक खळगा पडला होता. काल तो नव्हता. तांदळाचा दाणा आडवा मावेल एवढाच, पण कडेला एक बारीक सुरकुती धरलेला. ऋजुताने भिंग डोळ्याशी नेलं, सुरकुती नीट पाहिली आणि बोट न लावता कपाचं झाकण परत बसवलं.

सापाच्या अंड्याला कोंबडीच्या अंड्यासारखं कडक कवच नसतं. ते चामड्यासारखं मऊ असतं, आणि आतला जीव पुरा होत आला की थोडं आत बसतं. म्हणजे हे चांगलं लक्षण. पण गेले दोन हंगाम अंडी मरत होती ती हे चांगलं लक्षण दिसल्यानंतरच.

सुरुवातीला दगावणाऱ्या अंड्याचं तिला फारसं वाटत नसे. ते पिवळं पडतं, बुरशी धरतं, चिमट्याने उचलून टाकायचं. शेवटच्या आठवड्यातलं अंडं उघडलं की मात्र आत अख्खी धामण निघे. खवले मोजता येतील अशी, पाठीवर फिकट पट्टे उमटलेली, नाकाच्या टोकाला कवच फाडायचा इवलासा दातसुद्धा आलेला. सगळं जागच्या जागी, फक्त जीव नसे.

आजऱ्याजवळच्या या धामण केंद्रात डॉक्टर ऋजुता कारंडे जीवशास्त्रज्ञ म्हणून आली, त्याला आता चार वर्षं होत होती. त्याआधीच या भागातले उंदीर विषाला दाद देईनासे झाले होते. जे विष पचवू शकत होते ते जगले, त्यांची पिल्लं वाढली, आणि भाताच्या खाचरांत लोंब्या उभ्या कातरल्या जाऊ लागल्या. उंदरांच्या बिळात शिरून त्यांना खाणारा साप म्हणजे धामण. बिनविषारी आणि भूक दांडगी. पण रस्त्यांवर चिरडून आणि नाग समजून काठ्या खाऊन धामणी कमी झालेल्या. तेव्हा वनखात्याच्या परवानगीने हे केंद्र निघालं: माद्या आणायच्या, त्यांची अंडी उबवायची, पिल्लं बांधाबांधावर सोडायची.

माद्या अंडी घालत होत्या, पिल्लं निघत नव्हती. आता ट्रेमध्ये होती ती या हंगामातली शेवटची वीण, अकरा अंडी. यातूनही पिल्लं निघाली नाहीत तर परवानगी वाढवून मिळणार नाही, हे वनखात्याने स्पष्ट कळवलं होतं. माद्या परत जंगलात, आणि दाराला कुलूप.

"मॅडम," चौगुले धुण्याच्या खोलीतून म्हणाला, "जरा इकडं या की. घाई नाही, पण या."

चौगुले केंद्रातली सगळी यंत्रं सांभाळायचा. शिकलेला इलेक्ट्रॉनिक्स, पण मनाने सापांच्या बाजूचा. माद्यांना नावं त्यानेच दिलेली. ही शेवटची अंडी ज्या मादीची, ती कुणालाही न जुमानता पिंजऱ्याच्या मधोमध पसरायची म्हणून तिचं नाव सरपंचबाई.

"काय झालं?"

"कोणतरी आलंय."

त्याच्या हातात एक कप होता. त्यातल्या ओलसर कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या भुशात, एक चिरलेलं अंडं, आणि चिरेतून बाहेर आलेलं बोटाच्या पेराएवढं डोकं. जीभ बाहेर आली, हवा चाखून आत गेली.

ऋजुताने कपावरचा आकडा पाहिला.

"हा मागच्या विणीतला सातवा कप ना?" ती मग म्हणाली. "हे अंडं तर तिसऱ्या आठवड्यातच गेलं होतं."

"पहाऱ्याच्या मते गेलं होतं. पट्टीची तार सुटलीय बघा. आज जोडतो, उद्या जोडतो म्हणत मी खालच्या फळीवर सरकवून ठेवलेला. आता बाकीचे कप धुवायला काढले, तर हे महाराज बघतायत माझ्याकडं."

"तुमच्या आळसाला मानपत्र द्यायला पाहिजे, चौगुले."

"द्या की. घरी लावतो. बायकोला तेवढंच दाखवायचं राहिलंय."

ती हसली नाही. स्टूल ओढून कपासमोर बसली.

पहारा म्हणजे अंड्यांचे ठोके ऐकणारं यंत्र. प्रत्येक कपाच्या तळाशी एक पातळ पट्टी असे. तिच्यातून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश अंड्यात जाई. आतल्या इवल्या हृदयाने रक्त ढकललं की परत येणारा प्रकाश किंचित बदले, आणि त्या बदलांवरून पहारा ठोके मोजे. शिवाय तो शिकत असे. कुठल्या ठोक्यानंतर कुठलं अंडं मेलं हे लक्षात ठेवून पुढच्या अंड्याचं भाकीत करी: हिरवा दिवा, पिवळा दिवा, लाल दिवा. लाल लागला की बचावाला धावायचं. कपाची ऊब दोन अंशांनी वाढवायची, पाण्याचा फवारा मारायचा, आणि तरीही ठोका वर आला नाही तर कात्रीने कवचाला खिडकी पाडायची. बचावाची ही रीत ऋजुतानेच बसवलेली होती. दिवा लागल्यापासून हात पोचेपर्यंत दहा मिनिटं कधी गेली नव्हती.

मागच्या विणीतल्या नऊपैकी आठ अंड्यांना शेवटच्या आठवड्यात लाल दिवा लागला. आठांचा बचाव झाला. आठही मेली. नववं या खालच्या फळीवर, त्याच आईचं, त्याच कोकोपीटमधलं, त्याच खोलीतलं. वेगळं एवढंच, की ते जिवंत आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं.

"चौगुले, लाल दिवा लागलेलं एखादं अंडं आपण कधी नुसतं सोडलंय?"

"नुसतं म्हणजे?"

"काही न करता."

"असं कसं सोडीन मॅडम? डोळ्यांदेखत?"

"तेच. एकही सोडलं नाही. म्हणजे सोडलं असतं तर काय झालं असतं, हे आपल्याला माहीतच नाही."

चौगुलेने कप टेबलावर अलगद ठेवला. ऋजुता सावकाश, जणू स्वतःलाच शिकवत असल्यासारखी बोलू लागली. अंड्यातलं पिल्लू कवचातून श्वास घेतं. कवचाची छिद्रं पहिल्या दिवशी जेवढी, शेवटच्या दिवशीही साधारण तेवढीच. पण पिल्लू वाढत जातं, आणि अखेरीस इतकं मोठं होतं की येणारी हवा त्याला जेमतेम पुरते. मग ते काय करत असेल? खर्च कमी करत असेल. ठोका मंद करायचा, हालचाल थांबवायची, उरलेला बलक पोटात ओढून घ्यायचा आणि फुप्फुसं तयार होईपर्यंत गप्प पडून राहायचं. अर्धं शटर ओढून आत आवराआवर करणाऱ्या दुकानदारासारखं. साप थंड रक्ताचा. बाहेरची ऊब वाढली की त्याच्या शरीराचा वेग वाढतोच, त्याची इच्छा असो वा नसो. वेग वाढला की हवा जास्त लागते.

"आणि आपण ऊब वाढवली," चौगुले म्हणाला.

"वर पाणी मारून छिद्रं बुजवली."

तो हात पुसत राहिला. हात कधीच कोरडे झाले होते. "मी एकट्यानं तीसेक तरी वाचवली असतील," तो म्हणाला, आणि 'वाचवली' हा शब्द त्याच्या तोंडात अडखळला.

"रीत माझी होती."

"पण पहारा चुकत नव्हता ना मॅडम? लाल झालेलं प्रत्येक अंडं गेलं."

"ठोका मंदावतो हे त्याने बरोबरच सांगितलं. मंदावणं म्हणजे मरणं, हे आपण त्याला शिकवलं. आपण मारायचो, तो शिकायचा, आणि पुढच्या वेळी आणखी खात्रीने लाल व्हायचा."

कपातल्या पिल्लाने डोकं आत ओढून घेतलं. बाहेर यायची त्याला काही घाई नव्हती.

घरी अण्णा पडवीत बसून हार्मोनियमच्या पितळी पट्टीवर कानस चालवत होते. ऋजुताचे वडील विलास कारंडे. सांगलीच्या खणभागात त्यांचं पेटी दुरुस्तीचं दुकान होतं. तीन वर्षांपूर्वी आई गेली, त्यांना हृदयाचा त्रास झाला, तेव्हा दुकान हाताखालच्या योगेशच्या स्वाधीन करून ऋजुता त्यांना इकडे घेऊन आली. इथल्या गावात पेट्या दोनच. एक देवळात, एक शाळेत. दोन्ही त्यांनी इतक्या वेळा दुरुस्त केल्या होत्या, की आता बिघडवल्याशिवाय त्यांना काम उरलं नव्हतं.

त्यांच्या मनगटाला एक काळा पट्टा होता. अंड्यांखालच्या पट्टीचाच तो मोठा भाऊ. तोच प्रकाश, तेच शिकणं. अण्णांचा ठोका खाली आला की ऋजुताचा फोन थरथरे. मागच्या हिवाळ्यात तो रोज दुपारी थरथरू लागला. तिने त्यांना गडहिंग्लजच्या डॉक्टरांकडे नेलं, आलेख दाखवला, ठाण मांडून बसली, आणि डॉक्टरांनी एक गोळी वाढवून दिली. पंधरवड्यात अण्णांना भोवळ यायला लागली आणि एका सकाळी ते न्हाणीत पडले. हात मोडला. गोळी बंद झाली. दुपारचे ते ठोके जेवणानंतरच्या झोपेतले होते, हे मागाहून कळलं. पण पडलेल्या माणसाला एकटं कसं सोडायचं, म्हणून त्या दिवसापासून त्यांचं कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाणंही बंद झालं.

"योगेशचा फोन होता," अण्णा कानस न थांबवता म्हणाले. "दुकानामागची खोली अजून रिकामीच ठेवलीय म्हणाला. भाडेकरू दोनदा परत पाठवला."

"बघू, अण्णा."

"दीड वर्षं बघतेयस. डोळे दुखत नाहीत?"

ती चप्पल काढता काढता थांबली. रोजचं उत्तर तिच्या तोंडाशी आलं होतं: तिथे रात्री काही झालं तर, योगेशला त्याचा संसार आहे, डॉक्टर बदलावे लागतील. ते तिने दिलं नाही. दुसरंही दिलं नाही.

"आज एक पिल्लू निघालं," ती म्हणाली.

अण्णांनी कानस खाली ठेवली. "जिवंत?"

"जिवंत. आपोआप."

"मग चेहरा असा का?"

तिने त्यांना सगळं सांगितलं. बचाव, ऊब, पाणी. ती थांबल्यावर त्यांची नजर क्षणभर स्वतःच्या मनगटाकडे गेली आणि परत आली. ते ऋजुताला दिसलं, आणि दिसलं हे त्यांनाही कळलं. दोघांनीही तो विषय तिथेच सोडला.

"सरपंचबाईंची कधी निघतील?" त्यांनी विचारलं.

"दोन-तीन दिवसांत. निघाली तर."

"मी येतो बघायला. घरी बसून तरी काय करतोय? मनगट सांभाळतोय."

तिसऱ्या दिवशी सकाळी पहिला लाल दिवा लागला. अण्णा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. चौगुलेने त्यांच्यासाठी उशी आणली होती आणि आपली मुलगी पेटी शिकते, पण तिच्या पेटीचा एक सूर रडतो, ही तक्रारही मांडून झाली होती.

यंत्र पिंपिं करू लागलं तसा चौगुले उठला. पाय सवयीने फवाऱ्याकडे वळले, आणि तो अर्ध्यात थांबला.

"मॅडम, एक सांगू?"

"सांगा."

"पाच अंड्यांना पाणी मारू, ऊब देऊ. सहा तशीच सोडू. म्हणजे तुलना होईल. तुम्हीच शिकवलंय."

"ती पाच आपण दोन हंगाम करून बसलोय, चौगुले. तो आकडा भरलेला आहे. आता दुसरी बाजू बघायची."

"आणि दुसरी बाजू पण तशीच निघाली तर?"

"तर कुलूप."

हे तिने शांतपणे म्हटलं, पण दुसरा दिवा लाल झाला, पाठोपाठ तिसरा, आणि तिच्या लक्षात आलं की आपण ऊब वाढवायच्या बटणापाशी येऊन उभ्या आहोत. केव्हा उठलो ते आठवेना. पडद्यावर तिसऱ्या अंड्याचा ठोका उतरत होता. एक बारीक लाट, मग लांबलचक सपाट रेघ, मग पुन्हा लाट. सपाट रेघ संपते की नाही, एवढंच ती बघत होती. नऊशेव्यांदा विचार केला तरी तर्क बरोबर होता. तर्काचा आणि तिच्या हाताचा संबंध मात्र तुटला होता.

"ऋजू," अण्णा म्हणाले, "मला चहा हवा."

"आत्ता?"

"आत्ताच. साखर कमी."

"मी आणतो की," चौगुले म्हणाला.

"तुम्ही बसा. तुमच्या मुलीच्या पेटीचं राहिलंय. तिला आणू दे."

ऋजुता मागच्या शेडमध्ये गेली. दूध तापत ठेवलं, आलं ठेचलं. दूध वर आलं तेव्हा ती खिडकीतून खाचरांकडे बघत होती, आणि निम्मं उतू गेलं. ओटा पुसून तिने पुन्हा दूध ठेवलं. त्या सगळ्यात बराच वेळ गेला, आणि तेवढा वेळ ती अंड्यांपासून लांब होती.

परत आली तेव्हा खोलीत आवाज नव्हता.

"भोंगा बंद केला," चौगुले म्हणाला. "दिवे दिसतायत तेवढे बास. सगळे लाल झालेत."

"अकरा?"

"अकरा."

तिने चहाचे कप दिले. पडद्याकडे पाठ करून बसली. अण्णांनी एक घोट घेऊन साखर जास्त झाल्याचं सांगितलं.

संध्याकाळी ऋजुता आणि अण्णा घरी गेले. रात्र गेली, एवढंच त्या रात्रीबद्दल म्हणता येईल.

दुसऱ्या दिवशी केंद्राचं दार उघडलं तर चौगुले आधीच येऊन बसला होता. त्याने ट्रेकडे बोट केलं. चौथ्या कपातल्या अंड्यावर, पेन्सिलच्या फुलीला छेदून, ब्लेडने मारावी तशी एक बारीक चीर होती. चिरेच्या तोंडाशी ओलसर फेस, फेसात एक बुडबुडा. बुडबुडा फुटला, आणि त्याच्या जागी नाक आलं.

पडद्यावर त्या अंड्याचा दिवा अजूनही लाल होता.

"ह्याला आता कोण सांगणार?" चौगुले पहाऱ्याकडे बघून म्हणाला.

"तुम्हीच. आजपासून त्याला पुन्हा शिकवायचं."

दुपारपर्यंत पाच कवचं चिरली. मग तासभर काहीच नाही, आणि मग चार जवळजवळ एकदमच. डोकी बाहेर काढून पिल्लं तशीच पडून राहिली. अंगातला बलक पुरता जिरेपर्यंत ती बाहेर येत नाहीत. अण्णा खुर्ची ट्रेजवळ ओढून बसले होते. त्यांना साप आवडत नसत, पण या पिल्लांची डोकी पेटीच्या काळ्या पट्ट्यांसारखी एका रांगेत वर आलीत, असं ते म्हणाले, आणि चौगुलेने त्याचा फोटो घेऊन मुलीला पाठवला.

दोन अंडी चिरली नाहीत. ऋजुताने आणखी एक दिवस वाट पाहिली, मग उघडली. एकातल्या पिल्लाचा कणा मधेच वाकडा होता. दुसऱ्यात काहीच वावगं नव्हतं. पुरी धामण, बलक ओढून घेतलेला, नाकावर दात. कारण तिला सापडलं नाही, आणि अहवालात तिने 'कारण सापडलं नाही' असंच लिहिलं. वनखात्याच्या अधिकाऱ्यांनी फोनवर नऊ हा आकडा दोनदा विचारून घेतला आणि पुढच्या हंगामासाठी अर्ज पाठवायला सांगितला.

त्या दिवशी घरी जायच्या आधी ती मागच्या नळावर हात धूत होती. अण्णा पायरीवर उभे होते. समोर पोटरीवर आलेलं, लोंब्या फुटायच्या बेतातलं भात वाऱ्याने एकाच बाजूला कलत होतं. आतून चौगुलेचा आवाज येत होता. तो पिल्लांना नावं देत होता आणि ग्रामपंचायतीतली पदं संपल्यामुळे अडला होता.

"ते एक अंडं," अण्णांनी विचारलं. "हात लावला असता तर वाचलं असतं?"

"माहीत नाही. असेलही."

"मग तुला लागून राहील ते."

"राहील," ती म्हणाली. "पण नऊ निघाली, अण्णा."

अण्णांनी मान हलवली. दीड वर्षं ते सांगलीबद्दल विचारत होते. आज त्यांनी विचारलं नव्हतं, आणि परत विचारणार नाहीत असं त्यांच्या उभं राहण्यावरून तिला वाटलं. तिने नळ बंद केला. टॉवेल शोधला, तो नव्हता, तेव्हा ओढणीलाच हात पुसले. तिला बरं वाटत होतं, बऱ्याच दिवसांनी.

"अण्णा, योगेशला फोन करून सांगा, खोली झाडून ठेव म्हणावं. येत्या रविवारी मी तुम्हाला सांगलीला पोचवते. चार दिवसांसाठी नाही. राहायला."